पेढे आल्याशिवाय नाव काढायचं नाही

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

काल तुळशीची लग्नं आटपली आणि आज सकाळी पहिला फोन. बरोब्बर! दरवर्षी हेच. तुळशी उजवल्या की कोकणातल्या सगळ्या मुलांच्या आया मोबाइल घेऊन बसतात.

बाबांचा फोन म्हणजे कायम स्पीकरवर. ऐकू कमी येतं म्हणे. मी डबा भरत होते. पलीकडे महाडच्या कुणी बाई — "मुलगी सव्वीसची ना? फोटो फार गोड आहे हो!" बाबा लगेच, "महाड का? चार-शून्य-दोन-तीन-शून्य-एक!" पोस्टातून रिटायर झाले तरी पिनकोड सुटत नाहीत. मग भात कापून झालं का, थंडी पडली का, अमक्या आळीतले तमके अजून आहेत का. आणि मग खाली मान घालून, "सव्वीसची तेव्हा होती हो. आता अडतीस पूर्ण."

पलीकडून "बरं बरं, घरात विचारून कळवते." ठेवला फोन.

भाजीच्या डब्याचं झाकण लागेना. दोनदा आपटलं तेव्हा लागलं.

मंडळाच्या वेबसाइटवरच्या वधू-वर यादीत मी बारा वर्षं सव्वीसची आहे! पोपटी साडी, केसात गजरा, मागे स्टुडिओतला धबधबा. कु. निशिगंधा महिपत पालांडे. अपेक्षा : नोकरदार, निर्व्यसनी, मुंबई परिसरात स्वतःचं घर. त्या अपेक्षा आईने लिहून दिल्या होत्या. आई जाऊन सहा वर्षं झाली, अपेक्षा तिथेच.

बाबांना म्हटलं, नाव काढायला सांगा ना मंडळात. "राहू दे गं. काय खायला मागतंय का ते?"

खायला नाही मागत. मला खातंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

स्वतःच गेले मंडळात. सह्यसागर रहिवासी मंडळ, नवघर रोड. रायगड-रत्नागिरीकडून इकडे आलेल्यांचं. तळमजल्याचा गाळा, रविवारी सकाळी शटर वर, दुपारी जेवायच्या वेळी खाली. आत एक कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि अध्यक्ष शशिकांतकाका.

काका, माझं नाव वेबसाइटवरून काढा.

"कोण काढणार? साइट बघणारा जितेश गेला दुबईला. तेव्हापासून कुणी हातच लावला नाही." मग माझ्याकडे नीट बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "तू सीएच्या ऑफिसात ना? दिवसभर कम्प्युटरवरच असतेस. तूच घे की साइट! जानेवारीत वधू-वर मेळावा आहे. जरा झाडून-पुसून घे."

मी नाही म्हणणार होते. आणि मग डोक्यात आलं — साइट माझ्या हातात म्हणजे नाव पण माझ्या हातात!

हो म्हटलं. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात फुकटचं काम अंगावर घेतलं नसेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुबईहून जितेशने पासवर्ड पाठवला. सोबत हात जोडलेले. त्या हातांचा अर्थ साइट उघडल्यावर कळला.

पहिल्याच पानावर लाल अक्षरात पळती ओळ — "टाळेबंदीमुळे मंडळाचे कार्यालय पुढील सूचनेपर्यंत बंद राहील." म्हणजे पुढची सूचना कुणी दिलीच नाही! बाजूला "नवीन" असं लुकलुकतंय, त्यावर क्लिक केलं तर २०१६ चं हळदीकुंकू, "सर्व भगिनींनी अगत्याने यावे." अध्यक्षांचे मनोगत उघडलं तर जुने अध्यक्ष, जे चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा हसरा फोटो, आणि खाली "येत्या वर्षात आपण अनेक उपक्रम हाती घेणार आहोत."

हसू की रडू! चहा करून आले आणि परत बघत बसले.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज मीटिंग. मला वाटलेलं, पंधरा मिनिटांत होईल. काय काढायचं ते मी कागदावर लिहून नेलेलं. खुळी मी.

टाळेबंदीची ओळ काढू? काका म्हणाले, "असू दे. परत आला कोरोना तर पुन्हा टाइप करायला नको." मी म्हटलं, काका, लोकांना वाटतंय ऑफिस बंद आहे. "मग रविवारी गाळ्यात एवढी गर्दी कुठून येते?" गर्दी म्हणजे आम्ही सात जण!

हळदीकुंकू काढू? "त्यात देणगीदारांची नावं आहेत. रुसतील." खाली नवीन टाक, जुनं राहू दे — हे यांचं एकच. नऊ वर्षं हे लोक फक्त वाढत गेलेत. काढणं म्हणजे जणू कुणाच्या ताटातलं उचलणं.

जुन्या अध्यक्षांचा फोटो? त्यांच्या मिसेस अजून प्रत्येक कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत बसतात. ठरलं की फोटो राहील, खाली शशिकांतकाकांचा येईल. म्हणजे आता मंडळाला दोन अध्यक्ष! वर काका अगदी गंभीरपणे विचारतात, "निशी, वेबसाइटवर फोटोला हार घालता येतो का गं?"

टाळेबंदी मात्र काढून घेतली. हात वर करून मतदान झालं तेव्हा. देवा!

बुधवार, १९ नोव्हेंबर

साइटवरचा ॲम्ब्युलन्सचा नंबर लावून बघितला. सिल्व्हर पार्कच्या एका गृहस्थांना लागला. माझं बोलणं संपायच्या आतच — "मॅडम, कितने साल से बोल रहा हूँ, मैं टाइल्सवाला हूँ! रात को लोग रोते हुए फोन करते हैं. मैं क्या करूँ? अब तो मैं ही दूसरा नंबर लिखवा देता हूँ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. त्यांनी स्वतःच जपून ठेवलेला बरोबर नंबर मला दिला. तो साइटवर चढवला आणि कुणाला विचारलं पण नाही. या गोष्टीला मतदान नाही!

घरी आले तर बाबा गॅलरीत, फोन कानाला. स्पीकर बंद. मला बघून आवाज खाली. इतर वेळी ऐकू येत नाही म्हणून सगळ्या घराला ऐकवायचं, आणि गॅलरीत गेलं की बरोबर ऐकू येतं वाटतं!

रविवार, २३ नोव्हेंबर

आज वधू-वर विभाग. हा उर्मिलामावशींचा. मावशी म्हणजे मंडळाइतक्याच जुन्या. साइट नव्हती तेव्हापासून वही सांभाळणाऱ्या.

मी म्हटलं, मावशी, यातल्या अर्ध्या लोकांची लग्नं झालीत. काहींची मुलं शाळेत आहेत. मी बघितलेत त्यांचे फोटो. काढू?

"पेढे आले?"

कुणाचे पेढे?

मग ऐकवला मला नियम. वहीच्या काळापासूनचा. ज्याचं जमेल त्याच्या घरून मंडळात पेढे येतात. पेढे वाटले की मावशी स्वतःच्या हाताने नाव खोडतात. पेढे आल्याशिवाय नाव काढायचं नाही! काढलं तर अपशकुन. "एकदा कुणीतरी काढलं होतं चुकून. मुलीचं ठरलेलं मोडलं."

आणि नोंद घराची, माणसाची नाही. एक घर, एक फोन नंबर, एक नोंद. नवघरच्याच दोघी बहिणी होत्या, एका नोंदीत दोघींची नावं. थोरलीचं जमलं, पेढे आले, मावशींनी आख्खी नोंदच खोडली. धाकटी रडत आली. "मग तिला नव्याने फॉर्म भरायला लावला. नियम म्हणजे नियम."

माझ्या नोंदीचा विषय काढला. म्हटलं, मला नकोय आता हे. मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला. "अशी निराश नको होऊस बाळा. येतील तुझे पण पेढे."

निराश!! मी कुठे निराश आहे? मला राग आलाय. या बायकांना दोन्हीतला फरकच कळत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळपासून तीन फोन. तिन्ही वेळा हॉलमधून "अडतीस पूर्ण". मी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून बसले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काढलं! स्वतःचं नाव स्वतः काढलं. कुणाला विचारलं नाही. बटण दाबलं आणि पोपटी साडी गायब. धबधबा गायब. अपेक्षा गायब. आईच्या शब्दांवर बोट जरा थांबलं. ते आधी इथे या डायरीत उतरवून घेतलेच आहेत, म्हणून मग दाबलं.

दोन कप चहा प्यायले. बाबांना आवडते म्हणून कोळंबी आणलेली, ती करायला घेतली. "आज काय विशेष?" काही नाही म्हटलं.

सोमवार, १ डिसेंबर

काय करून बसले मी!

काल कुणाच्या तरी लक्षात आलं की पालांड्यांच्या मुलीचं नाव साइटवर नाही. आता आमच्या लोकांच्या डोक्यात नाव नाही म्हणजे काय? पेढे आले! म्हणजे जमलं! मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून अभिनंदन चाललंय. गुलाब, कलश, नाचणारे गणपती. "निशी बेटा, कुठले पाहुणे?" "महिपतराव, गुपचूप गुपचूप!" मनोरमाकाकू, म्हणजे शशिकांतकाकांच्या मिसेस, त्यांनी तर हॉलचं नाव सुचवलं, त्यांच्या ओळखीत कमी होतो म्हणे.

ऑफिसात फोन सायलेंटवर टाकला. शेठ म्हणाले, "निशाबेन, सगाई छे के शुं?" त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्याकडे मंडळाचं ऑडिट आहे, म्हणून ते पण ग्रुपवर!

घरी आले तर बाबा खुर्चीत. चेहरा कसातरीच. "सगळे विचारतायत. मला पण सांगितलं नाहीस?" त्या आवाजात काय होतं ते लिहिता येत नाही. आनंद होता, त्याच्या खाली भीती होती. म्हणजे त्यांनाही वाटलं होतं, खरंच!

मी सांगितलं, बाबा, काहीही नाही. मीच काढलं. कंटाळून.

"असं होय," म्हणाले. टीव्ही लावला. आवाज न वाढवताच बघत बसले.

मंगळवार, २ डिसेंबर

उर्मिलामावशींचा सकाळीच फोन. "पेढ्यांशिवाय नाव काढलंस? स्वतःचं? वेडी का तू?" आत्ताच्या आत्ता परत टाक, नाहीतर लोक पेढे मागत राहतील, आणि बाबांनी काय तोंड दाखवायचं?

परत टाकलं. पोपटी साडी, गजरा, धबधबा, वय सव्वीस. वय बदलून अडतीस केलं तर मावशी म्हणाल्या, "वय नको बदलूस. फॉर्मवर जे आहे तेच राहतं." म्हणजे मी फॉर्मवर मरेपर्यंत सव्वीसची.

ग्रुपवर लिहिलं : गैरसमज झाला, क्षमस्व. त्यावर सगळ्यांनी हात जोडले. रडकी तोंडं पाठवली कुणी कुणी. जसं काही माझं कुणी वारलंय.

बाबा जेवण झाल्यावर गॅलरीत गेले, फोनवर. बराच वेळ. आत येऊन म्हणाले, "जमलं असतं तर किती बरं झालं असतं गं." मी ताट उचललं आणि आत गेले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

रविवार, ७ डिसेंबर

नवीन शक्कल. मावशींना म्हटलं, पेढे येत नसतील तर मीच एकेकाला फोन करून विचारते — जमलंय का, जमलं असेल तर पेढे कधी आणताय? मावशींना हे पटलं! "हो, उगाच पोरं पेढे चुकवतात."

बसले फोन लावत. एका गृहस्थांची मुलगी दोन मुलांची आई. "पेढे? आम्ही तेव्हा लाडू वाटले होते, चालतील का?" एक वर, ज्याचं वय साइटवर एकोणतीस, त्याच्या बायकोनेच फोन उचलला. पुढचं लिहीत नाही. त्या माणसाचं आज काय झालं असेल देवाला माहीत.

बुधवार, १० डिसेंबर

रोह्याचा नंबर लावला. नोंद — चि. कौस्तुभ, वय अठ्ठावीस, संपर्क : आत्या, आनंदीबाई. याचं स्थळ मला पण आलेलं तेव्हा. तो नको म्हणाला की आपण, ते आता आठवत नाही.

आत्याबाईंनी उचलला. अगदी मोकळा आवाज. "कौस्तुभचं झालं की कवाच! कोर्टात केलंन. मी रुसलेले म्हणून पेढे नाय पाठवले." मग मी नाव सांगितलं. "अगो, तू महिपतरावांची निशी काय? बाबांचा खोकला कसा हाय? काढा घेतात ना?"

माझ्या बाबांचा खोकला रोह्यात कसा पोचला?

संध्याकाळी विचारलं. बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी फोन आला होता त्यांचा. भाच्याचं ठरलं हे कळवायला. सभ्य बाई. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. बोलतात कधीकधी." बोलतात कधीकधी! माझं नाव त्या साइटवर राहिल्यामुळे हा माणूस सगळ्या रायगड जिल्ह्याशी गप्पा मारतोय आणि माझी प्रकृती, माझं वय, माझी नोकरी सगळीकडे जातेय. मी चिडले. "सारखं माझ्याबद्दल बोलता ना लोकांशी?"

"तुझ्याबद्दल कुठे," म्हणाले.

शनिवार, २० डिसेंबर

पार्सल आलं. रोह्याचे पातळ पोहे, मोठी पिशवी. आनंदीबाईंच्या दिराची पोह्याची गिरण आहे म्हणे. बाबांनी पार्सलवरचा पिनकोड दोनदा मोठ्याने वाचला. मी चिवडा केला. बरा झाला, पण बाबा म्हणाले, "शेंगदाणे जरा जास्त घालायला हवे होते, त्या घालतात." त्या!

गुरुवार, २५ डिसेंबर

साइटची अवस्था : टाळेबंदी गेली, ॲम्ब्युलन्स दुरुस्त, अध्यक्ष दोन. वरांमध्ये चार जणांचे पेढे आले, एकाने लाडू आणले, मावशींनी चालवून घेतले. "नवीन" अजून लुकलुकतंय. ते बंद कसं करायचं ते जितेशला पण माहीत नाही.

माझं नाव तिथेच आहे. मेळाव्याच्या पत्रकात पण जाणार म्हणे.

रविवार, २८ डिसेंबर

आज भांडण झालं.

दुपारी फोन. चिपळूण. स्पीकर. बाबांनी पिनकोड म्हटला, गावगप्पा केल्या, आणि मग, "आता अडतीस हो. पण दिसत नाही हं तेवढी!"

मी आतून आले आणि फोन हातातून घेतला. "मुलगी बोलतेय. मला असं लग्न करायचं नाही. हा नंबर खोडा कृपा करून." ठेवला.

बाबा उभे राहिले. "असं बोलतात का? चिपळूणची माणसं होती!"

मग मी बोलले. सगळं. बारा वर्षं हॉलमधून स्वतःचं वय ऐकतेय. सुरुवातीला लाज वाटायची, मग राग, आता नुसता कंटाळा. लग्न करायचंच नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. कुणी भेटलं, पटलं, तर करेन, माझं मी बघेन. पण त्या पानावर बसून नाही. मी सुखात आहे बाबा! नोकरी आहे, मैत्रिणी आहेत, तुम्ही आहात. मला कुणी घेऊन जाईल म्हणून मी तिथे उभी नाही. आईने लिहिलेलं म्हणून मलाही जड जातं. पण आई असती तर तिनेच काढलं असतं! तुम्ही कुणासाठी वाट बघताय? माझ्यासाठी असेल तर नका बघू. सोडा.

रडू आलंच. नको तेव्हा येतं.

बाबा पाणी प्यायले. मग म्हणाले, "नक्की ना? मागाहून म्हणशील, बापाने हात टेकले, स्वतःचं बघितलं."

"नक्की."

"तुझं मन मोडणार नाही ना?"

"बाबा, नक्की! किती वेळा सांगू?"

"बरं," म्हणाले. आणि उठून फोन घेऊन गॅलरीत गेले. दार लावून घेतलं!

इतकं सगळं काळीज काढून सांगितलं, आणि हा माणूस फोनवर गप्पा मारायला निघून गेला. मी भिंतीशी बोलते याच्यापेक्षा.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

बाबांनी केस कापून घेतले. न सांगता. एरवी मला हात धरून न्यावं लागतं. जुना इस्त्रीवाला सोडून नव्याकडे शर्ट दिले. विचारलं तर, "नवीन वर्ष."

खाली निवडणुकीच्या रिक्षा दिवसभर ओरडत फिरतायत. डोकं उठलंय.

रविवार, ४ जानेवारी

मंडळात मावशींना शेवटचं सांगितलं. बाबांनी पण हो म्हटलंय. आता तरी काढू द्या. मेळाव्याआधी.

"पेढे?"

मी म्हटलं, मीच आणते! आत्ता नाक्यावरून आणते, अर्धा किलो, वाटा आणि खोडा!

मावशी चिडल्या नाहीत, हेच वाईट. "खोटे पेढे मंडळात नाही चालत गं. घरात खरंच काहीतरी व्हायला हवं." शशिकांतकाका मध्येच, "जाऊ दे ना मावशी, काढू दे पोरीला." मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की काकांनी चहाचा कप उचलला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. एरवी अर्धं ऐकतात. "म्हणजे घरून पेढे आले पाहिजेत. खरे."

हो ना! आहे की नाही मूर्खपणा?

"मूर्खपणा कसला," म्हणाले. "नियम आहे."

बुधवार, ७ जानेवारी

बाबा सकाळी रोह्याला गेले. "काम आहे, संध्याकाळी येतो." सत्तरीला टेकलेल्या माणसाला रोह्यात कसलं काम? पोहे संपले असतील.

रविवार, ११ जानेवारी

मी साइट उघडून बसले होते, मेळाव्याचं पत्रक चढवत. बाबा गाळ्यात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मावशी उठून उभ्याच राहिल्या — "अगं बाई! निशीचं जमलं?"

"नाही," बाबा म्हणाले. "माझं. रोह्याच्या आनंदीबाईंशी."

काकांचा चहा हातातच. मला आधी राग आला, खरंच आला, कान तापले. मग बाबांचे हात दिसले. पुड्याची दोरी सुटत नव्हती त्यांना. मी उठून सोडवून दिली.

मावशींनी एक पेढा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घर तेच, नंबर तोच. पेढे आले. काढ नाव."

काढलं.

येताना रिक्षात विचारलं, बाबा, दोन वर्षं! एकदा तरी बोलायचं होतं मला.

"कसं बोलणार?" म्हणाले. "तुझं नाव होतं ना तिथे."